जखम आधी धुतलेली हवी

पावसाळ्यात बंगळुरूच्या चामराजपेटेतल्या गल्ल्यांतून फिरलात, तर एखाद्या ओट्याखाली मान वळवून सारखी पाठ चाटणारा कुत्रा हमखास दिसतो. जवळ गेलं की वास येतो. केस बाजूला केले की रुपयाएवढं भोक, आणि आत वळवळणारे किडे. कुत्र्याची कातडी अंगाला सैल असते, त्यामुळे वरून बारीक दिसणारी जखम आत तळहाताएवढी पसरलेली असते.

त्याला रोज भात घालणाऱ्या मावशी विचारतात, "डॉक्टर, हळद भरू का? की ते चांदीचं नवीन मलम आणू?"

प्रश्न रास्त आहे. त्या मलमात असतात तशा चांदीच्या, वनस्पतींच्या मदतीनं केलेल्या नॅनोकणांच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या संशोधनात पुण्याचा मोठा वाटा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या पाल्याचा काढा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिसळला आणि २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यासारखं द्रावण पिवळसर-तपकिरी होतं, म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण तयार झाले. पाल्यातलीच द्रव्यं हे कण घडवतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. त्यासाठी वेगळं जहाल रसायन लागत नाही. कण इतके बारीक की केसाच्या जाडीत असे हजारो मावतील. त्यांतून सुटणारी चांदी जंतूंचं आवरण फोडते.

हळदीचीही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेतलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं. मला त्याचा अभिमान आहे. पण ती लढाई जुन्या ज्ञानावरच्या हक्काची होती, हळदीनं खोल जखम भरते याचा तो पुरावा नव्हे. म्हणून खोल जखमेत हळदपूड कोंबू नये. वर खपली धरते, खाली पू तसाच राहतो. शिवाय हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून तर संशोधक त्याचे नॅनोकण करतात.

आणखी एक उपचार कुत्र्याच्या स्वतःच्या रक्ताचा. थोडं रक्त काढून यंत्रात गरगर फिरवलं की प्लेटलेट वेगळ्या काढता येतात. त्या जखमेत सोडल्या की नवी पेशी, नवी रक्तवाहिनी वाढवणारी द्रव्यं तिथंच मिळतात. महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमेसाठी हा मार्ग मला फार आशादायक वाटतो.

मात्र किडे, मेलेलं मांस आणि पू आत असेपर्यंत यातलं काहीच चालत नाही. आधी केस कापायचे, सलाईननं भरपूर धुवायचं, एकेक किडा चिमट्यानं काढायचा. हातात मोजे हवेतच, रेबीजचा धोका असतो. मग गळ्यात चाटू न देणारी कॉलर, कारण कुत्रा लावलेलं सगळं चाटून पोटात घेतो. झिंकचं साधं मलमसुद्धा असं पोटात गेलं तर विषारी ठरतं. चांदीही जास्त झाली तर जंतूंबरोबर नव्या पेशी मारते. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धोक, असं समजू नका.

माझी कळकळीची मागणी आहे. बंगळुरूतल्या हेब्बाळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय असो की १८८६ पासूनचं मुंबईचं, परळमधलं, अशा संस्थांनी ही मलमं रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या खऱ्याखुऱ्या, किडलेल्या जखमांवर तपासावीत. किती मात्रा, किती दिवस, चाटलं तर काय होतं, हे नोंदवून ठेवावं. मावशींना उत्तर त्यातूनच देता येईल.