औषधांच्या दुकानी हट्ट नको



खेड्यात मुलास जुलाब लागले म्हणजे दवाखाना दूर, म्हणून आपण प्रथम औषधांच्या दुकानाची पायरी चढतो. त्यात गैर काही नाही. मात्र ‘जुलाब थांबविणारी गोळीच द्या’ असा हट्ट धरू नये. नातवाच्या वेळी तो मीच धरला होता! औषधविक्रेत्याने गोळी नाकारली आणि ओआरएसची पुडी हाती दिली. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती सबंध विरघळवावी, घोटघोट पाजावी व चोवीस तासांनी उरलेले पाणी टाकावे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच क्षारशर्करेच्या पाण्याने पटकीच्या हजारो रोग्यांस जगविले. मुलाच्या शौचात रक्त दिसले, डोळे खोल गेले किंवा ते पिईनासे झाले, तर मात्र दुकानाशीही न थांबता थेट दवाखाना गाठावा.