आल्माग्रोचे नाट्यगृह आणि वांग्याचे लोणचे
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



स्पेनमधील मोठ्या शहरांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. आज आम्ही आपणांस माद्रिदच्या दक्षिणेस सुमारे २०० किलोमीटरवर, ला मांचाच्या सपाट प्रदेशातील आल्माग्रो या लहानशा गावी नेणार आहोत.

गावाच्या लांबट चौकाच्या दोन्ही अंगांना दगडी खांब असून त्यांवर हिरव्या रंगाच्या काचबंद लाकडी गॅलऱ्यांचे दोन मजले आहेत. सोळाव्या शतकात आल्मादेनच्या पाऱ्याच्या खाणींचा मक्ता फुगर या जर्मन सावकार घराण्याकडे होता. त्यांच्या माणसांचा येथे वावर असे.

याच चौकात एका साध्या दरवाजाआड १६२८ साली बांधलेले नाट्यगृह आहे. मध्ये उघडे अंगण, भोवती तांबड्या रंगाचे लाकडी खांब व सज्जे, आणि समोर रंगमंच. स्त्रियांसाठी वेगळा सज्जा होता. त्याचे नाव ‘काथुएला’, म्हणजे चक्क पातेले! पुढे नाटके बंद पडली, रंगमंच भिंतीआड बुजला आणि तेथे सराई चालू लागली. आपल्या चौकात नाट्यगृह आहे, याचाच गावाला विसर पडला. १९५०च्या दशकात तेथे काम चालू असताना पत्त्यांचा एक जुना जोड सापडला व त्यावरून शोध लागला, असे सांगतात. १९५५ साली ते राष्ट्रीय स्मारक ठरले. १९७८पासून दर उन्हाळ्यात गावात अभिजात नाटकांचा महोत्सव भरतो.

आता पानाकडे वळू. येथील लोणच्याची वांगी लहान, हिरवी, देठासकट उकडलेली. त्यांत लाल मिरचीचा तुकडा भरून बडीशेपेच्या झाडाची काडी टोचतात आणि शिरका, तेल, मीठ, लसूण, जिरे यांत ती मुरवतात. भरल्या वांग्यांवर वाढलेल्या आम्हांला ती परकी कशी वाटावीत? स्पॅनिश ‘बेरेन्हेना’ हा शब्द अरबी व फारसीतून मागे मागे नेला, तर तो संस्कृत ‘वातिंगण’ शब्दापाशी येतो. आपले ‘वांगे’ त्याच कुळातले. हे फळ अरबांबरोबर स्पेनला गेले. उलट मिरची अमेरिकेतून प्रथम स्पेनला पोचली आणि पोर्तुगीजांच्या हातून आपल्याकडे आली. एका वांग्यात दोन्ही प्रवास भेटतात!

श्रोतेहो, एकाच गावाने नाट्यगृह विसरावे आणि लोणचे जतन करावे, याचे आम्हांस नवल वाटले. विचार करता उलगडा झाला. लोणचे घरोघरी मुरत राहिले. रंगमंचावर मात्र कोणी पाऊल ठेवीना.

आपल्या घरांत भरली वांगी पन्नास वर्षे टिकली. मंडळाचा रंगमंच तसा टिकेल काय? आपली मुले मराठी समजतात, परंतु बोलताना अडखळतात. म्हणून आमची विनंती एवढीच की, या सुवर्णमहोत्सवी वर्षी एक नाटक बसवावे आणि त्यातील भूमिका मुलांना द्याव्यात. उच्चार चुकतील, चुकू द्यावेत. तालमीला येणाऱ्या मुलांच्या तोंडी रोज थोडे मराठी बसेल, आणि आपला रंगमंच पुढच्या पिढीला उकरून काढावा लागणार नाही.