दहा माणसांची प्रार्थना



आज मला तुमच्याशी एका लहानशा समाजाबद्दल बोलायचं आहे. हा समाज आपल्याच मातीतला, आपलीच भाषा बोलणारा. तरी तुमच्यातल्या बहुतेकांना त्यातलं एकही माणूस आजवर भेटलेलं नसेल.

पेणकर, रोहेकर, दिवेकर, नागावकर, चेऊलकर, किहीमकर. ही आडनावं ऐकली की रायगड जिल्ह्यातली गावं डोळ्यांपुढे येतात. याच आडनावांची ज्यू कुटुंबं कोकणात शतकानुशतकं राहिली आहेत. ती स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी चौलच्या दिशेने येणारं त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना त्यांनी तिथेच पुरलं. ते केव्हा आले, कुठून आले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण नवगावची ती दफनभूमी आजही आहे, आणि समाजाच्या स्मृतीत तिचं स्थान पहिलं आहे.

या माणसांजवळ धर्मग्रंथ उरला नव्हता, धर्मगुरू नव्हता, हिब्रू भाषाही राहिली नव्हती. त्यांनी कोकणात तेलाचा घाणा धरला आणि मराठी बोलू लागले. मग राहिलं काय? शनिवारी काम करायचं नाही, हे राहिलं. आठव्या दिवशी मुलाची सुंता करायची, हे राहिलं. खवले आणि पर असलेलेच मासे खायचे, हे राहिलं. आणि देव एकच आहे असं सांगणारं 'शेमा'चं एक हिब्रू वचन जन्माच्या, लग्नाच्या, मृत्यूच्या वेळी तोंडी राहिलं. यापलीकडे फारसं काही नाही.

जरा विचार करा, शनिवारी घाणा बंद ठेवणं म्हणजे काय. हातावर पोट असलेल्या घराने आठवड्यातल्या एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडायचं. तेही का, ते नीट सांगता येत नसताना. आजोबांनी सोडलं, बापाने सोडलं, म्हणून आपणही सोडायचं. गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हणायला सुरुवात केली. या नावात मला गावाचा मोठेपणा दिसतो. शेजाऱ्यांनी त्यांचा शनिवार ओळखला, मान्य केला आणि तेल दुसऱ्या दिवशी नेलं. आपण कोण हे सांगणं जितकं आपलं काम, तितकंच ते ऐकून घेणं शेजाऱ्याचं काम असतं. भारतातल्या शेजाऱ्यांनी ज्यूंचा त्यांच्या धर्मावरून छळ केला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या अभिमानाचा पाया गावातल्या अशा साध्या मोकळीकीत आहे.

डेव्हिड राहाबी नावाच्या एका परदेशी ज्यू विद्वानाची आठवण या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ही माणसं खरोखर ज्यू आहेत का, ते त्याला पाहायचं होतं. त्याने बायकांपुढे सगळ्या जातींचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवल्यांचे मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले. एवढ्यावर त्याची खात्री पटली. त्याने काही घराण्यांतल्या पुरुषांना धर्मविधी शिकवले आणि तेच पुढे समाजाचे काजी झाले. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकेल, हा प्रश्न मी अभ्यासकांवर सोडतो. मला तिच्यातला निवाडा महत्त्वाचा वाटतो. परीक्षा ग्रंथाची झाली नाही, वंशावळीची झाली नाही. ती झाली स्वयंपाकघरात, आणि उत्तर दिलं बायकांच्या हातांनी. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनीच धर्म सांभाळला होता.

आणि तो सांभाळताना त्यांनी कोकणाला घराबाहेर ठेवलं नाही. त्यांच्या सणांची जुनी नावं पाहा : नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळणीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळायचा तो 'बिरड्याचा रोजा', कारण त्या दिवशीचा उपास वालाचं बिरडं खाऊन सोडायचा. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही, हा नियम. मग मटणाच्या रश्शात नारळाचं दूध आलं, ते तर परसातच होतं. लग्नाआधी मेंदी, लग्नात मंगळसूत्र. नवस फेडायचा तर एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, मलिदा करायचा : पोहे, गोड, ओलं खोबरं, फळं, आणि भोवती बसून प्रार्थना. अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. एलियाला जगभरचे ज्यू मानतात. पण त्याच्या नावाने पोह्यांचं ताट मांडणारे हेच.

पुढे हा समाज मुंबईला आला आणि कंपनी सरकारच्या फौजेत शिरला. त्यांच्यातले एक अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि सुटून आले. त्यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं, शार हारहामीम. लोक त्याला मशीद म्हणत. कोचीनच्या ज्यूंकडून विधी शिकायला मिळाले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मराठीत बायबल आणलं, त्यांच्या शाळांतून हिब्रू शिकवली. बेने इस्रायलांनी ती विद्या मनापासून घेतली आणि धर्म मात्र आपलाच ठेवला. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, 'हग्गादा', छापली गेली, हिब्रू आणि शेजारी मराठी. त्यातल्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्याच काळात त्यांनी आपलं कीर्तनही उचललं. बुवा उभे राहिले आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीत रंगू लागली. १८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजासाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची एली कदूरी शाळा झाली. कामा रुग्णालयात आयुष्य वेचणाऱ्या पद्मश्री डॉ. जेरुशा झिराड, मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस, कवी निस्सीम इझिकेल, 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा म्हणजे डेव्हिड, ही याच समाजाची माणसं.

इथवरची गोष्ट सुखाची आहे. पण तुम्ही आज पदवीधर होत आहात, तेव्हा दुसरी बाजूही तुमच्यापुढे ठेवली पाहिजे.

या समाजात 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असे दोन गट होते. ज्यांच्या पूर्वजाने समाजाबाहेरच्या स्त्रीशी संबंध जोडला, त्यांची संतती काळी ठरली. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. हे कुठून आलं, ते आपल्याला कोणी सांगायला नको. ज्या गावाने त्यांना शनिवार पाळू दिला, त्याच गावाने त्यांना जात शिकवली.

आणि मग काळाने शुद्धतेचा तोच प्रश्न संपूर्ण समाजापुढे आणला. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. पूर्वजांच्या भूमीत त्यांना विचारलं गेलं, तुम्ही शुद्ध ज्यू कशावरून? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ मागे जाऊन तपासावी, असा आदेश काढला. ज्यांनी एका वचनाच्या आधारावर शतकं काढली, त्यांच्याकडे आता आजीपणजीचे दाखले मागितले गेले. समाज गप्प बसला नाही. १९६४च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह माणसं जेरुसलेममध्ये धरण्याला बसली. त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने जाहीर केलं की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे भरपूर आढळले. म्हणजे गोरे-काळे ही भिंत उभी होती ती एकाच रक्ताच्या माणसांमध्ये. शुद्धतेचा दाखला मागणारा माणूस जेरुसलेममध्ये बसलेला असो की अलिबागेत, तो चुकीचाच प्रश्न विचारत असतो. हे मी पूर्ण विचाराने म्हणतो आहे.

पारंपरिक ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ जमले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. मला ही अट फार अर्थपूर्ण वाटते. श्रद्धा मनात असते हे खरं, पण 'आम्ही' म्हणायला दुसरी माणसं लागतात. शनिवार पाळणारी, मलिद्याचं खोबरं खवणारी, मयताला खांदा द्यायला येणारी. आज कोकणातल्या प्रार्थनामंदिरांत दहा जण गोळा करणं अवघड झालं आहे. तिकडे इस्रायलमधल्या लोद, रामले, अश्दोद, दिमोना या शहरांत मात्र मराठी बोलणारी म्हातारी माणसं आहेत, मलिदा होतो, आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं. कोकणात राहून ते ज्यू राहिले, इस्रायलला जाऊन ते मराठी राहिले. दोन्हीकडे त्यांना कोणीतरी विचारलं की तुम्ही नक्की कुणाचे. त्यांनी एक बाजू निवडायचं नाकारलं.

तुमच्यातले काही उद्या बंगळुरूला जातील, काही टोरांटोला, मेलबर्नला. काही इथेच अर्ज तपासणाऱ्या खुर्चीत बसतील आणि लोकांचे दाखले त्यांच्यासमोर येतील. त्या सगळ्यांना माझं एक सांगणं आहे. निघण्याआधी घरात थोडे दिवस थांबा. आजी कुठल्या दिवशी काय रांधते, काय रांधत नाही, कुणाच्या नावाने ताट वाढते, ते तिच्याशेजारी बसून करा. कारण तिला सांगता येईलच असं नाही, पण तिच्या हातांना ते ठाऊक असतं. आणि वेळ काढून अलिबागला जा. इस्रायल आळीत जुनं प्रार्थनामंदिर आहे, नवगावला ती दफनभूमी आहे. सोबत शेजारच्या घरातलं कुणीतरी न्या, तुमच्या जातीधर्माबाहेरचं.