खांद्यावरची बोटं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मला इथं बोलावलं जातं ते बहुधा कवितेवर बोलायला. आज कविता बाजूला ठेवतो. आज बोलायचंय ते फोटोतल्या माणसाची पार्श्वभूमी काढण्याबद्दल. विषय कॉम्प्युटरचा आहे आणि मी साधा बी. ए. माणूस. पण हे काम आमच्या घरात माझ्या लहानपणी रोज व्हायचं, तेही कॉम्प्युटर नसताना, म्हणून थोडं धाडस करतो.

माझी भाची सांगलीत इंजिनिअरिंगला आहे. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी मिळून कॉम्प्युटरवरचा एक खेळ तयार करताहेत. खेळ २०१९ च्या महापुराचा. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. खेळणाऱ्यानं होडी घेऊन गावभागातून फिरायचं आणि गच्च्यांवर, पत्र्यांवर अडकलेली माणसं उतरवून आणायची. मी साताऱ्यात राहतो. आमच्याकडे कोयनेच्या अंगाला पाऊस थांबत नाही तेव्हा सांगलीची माणसं रात्र जागून काढतात, हे माहीत असल्यामुळे असला विषय खेळायला घ्यावा का, असं मला वाटलं. ती म्हणाली, "मामू, कार्टूनची माणसं बुडाली तर कुणाला काही वाटत नाही. म्हणून आम्ही खरी माणसं घालतोय. प्रत्येकीनं आपापल्या घरातलं एक. मला नानांचा फोटो द्या."

नाना म्हणजे तिच्या आईचे आणि माझे वडील. आमचे अब्बा. २०११ साली गेले. २००५ च्या पुरात ते खरोखरच शेजाऱ्यांच्या गच्चीवर दोन रात्री बसून होते, त्यामुळे खेळात त्यांची जागा काही चुकीची नव्हती. अब्बांचा उभा, पायापर्यंतचा असा एकच फोटो आमच्याकडे आहे. १९७८ च्या आसपासचा. त्यांच्या वर्कशॉपसमोर चुन्याच्या भिंतीला लागून उभे आहेत, डोक्यावर पांढरी टोपी, दाढी पिकायला लागलेली. मी मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढून पाठवला.

दुसऱ्या दिवशी तिचा हिरमुसलेला फोन. हल्ली एक बटण दाबलं की यंत्र आपणहून पार्श्वभूमी काढून देतं. माणूस तेवढा ठेवतं, भिंत, झाड, रस्ता सगळं गायब. त्या यंत्रानं अब्बांची टोपी भिंत समजून काढून टाकली आणि दाढी अर्धी खाल्ली. पांढऱ्यावर पांढरं होतं, ते बिचारं काय करणार?

इथं थोडं थांबून हे काम असतं तरी काय ते सांगतो. खेळातला माणूस एका जागी नसतो. कधी पाण्यासमोर, कधी भिंतीसमोर, कधी होडीत. त्याच्याभोवती फोटोचा चौकोन तसाच राहिला तर तो खिशातलं पासपोर्ट साइज चित्र घेऊन हिंडल्यासारखा दिसतो. म्हणून माणसाभोवतीचं सगळं 'काहीच नाही' करावं लागतं. पांढरं नव्हे, काहीच नाही. पांढरा हा रंग आहे. पुराच्या गढूळ पाण्यावर ठेवला की तो पांढराच दिसणार.

हे 'काहीच नाही' प्रत्येक काळानं आपापल्या सोयीनं केलेलं आहे. आपल्याकडचं फार सुंदर उदाहरण म्हणजे शांबरिक खरोलिका. १८९२ साली, सिनेमा यायच्या आधी, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी हा खेळ सुरू केला. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा, आणि पुराणातली पात्रं पडद्यावर हलायची. अशा दिव्याच्या खेळात आकृतीभोवतीची काच काळी करतात. काळ्यातून उजेड जात नाही, म्हणून पडद्यावर तिथं काही पडतच नाही आणि पात्र अधांतरी उभं राहतं. दुसऱ्या दिव्यानं पडद्यावर महाल पाडला की ते महालात शिरतं. म्हणजे दिव्याच्या खेळात 'काहीच नाही'चा रंग काळा. छापखान्यात तो पांढरा, कारण शाई नाही म्हणजे कोरा कागद. टीव्हीवर हिरवा, त्या हिरव्या पडद्यापुढं बाई हिरवं लुगडं नेसून उभी राहिली तर तिचं मुंडकं आणि हात तेवढे दिसायचे. नव्वदच्या दशकात मुलं टीव्हीला जोडून जे खेळ खेळायची, ते जपानी कंपनीच्या १९८३ च्या यंत्राच्या धर्तीवरचे. त्यातल्या एकेका हलत्या तुकड्याला फक्त चार रंग, आणि त्यातला एक 'काहीच नाही'साठी राखून ठेवलेला. म्हणजे उरले तीनच. पुढं कॉम्प्युटरच्या अनेक खेळांत भडक गुलाबी वापरत, ज्याला आपल्याकडे साडीच्या दुकानात राणी कलर म्हणतात. राणी कलर दिसला की यंत्रानं तिथं काही काढायचं नाही. हा रंग निसर्गात फारसा नसतो, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडचं एखादं लग्न त्यांनी पाहिलेलं नसावं.

खरा उपाय सापडला तो अमेरिकेत, १९७७ च्या सुमारास. एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ या दोघांनी ठरवलं की 'काहीच नाही'ला रंग द्यायचाच नाही. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. त्याला त्यांनी चौथा आकडा जोडला, त्याला अल्फा म्हणतात. हा आकडा बहुधा शून्य ते २५५ च्या दरम्यान असतो. शून्य म्हणजे ठिपका नाहीच, २५५ म्हणजे पूर्ण आहे. आणि मधले सगळे आकडे म्हणजे थोडा आहे, थोडं मागचं दिसतंय. हे 'थोडं'च महत्त्वाचं. केसाच्या टोकापाशी एकाच ठिपक्यात निम्मा केस आणि निम्मी भिंत असते. तिथं हो किंवा नाही एवढंच म्हणता आलं तर कड करवतीनं कापल्यासारखी दिसते.

हा चौथा आकडा सांभाळून ठेवणारी फाइल १९९६ साली आली, तिचं नाव पीएनजी. सांगलीत पीएनजी म्हटलं की लोकांना गाडगीळ सराफांची १८३२ सालची पेढी आठवते. भाचीनं मला "मामू, पीएनजीमध्ये ठेवलंय" असं सांगितलं तेव्हा मीही क्षणभर दचकलो. मोबाइलमधले फोटो बहुधा जेपेग असतात, त्यात हा चौथा आकडा बसत नाही. तशी फाइल केली की एवढ्या मेहनतीनं काढलेल्या पार्श्वभूमीच्या जागी पुन्हा पांढरा नाहीतर काळा चौकोन येतो.

आता अब्बांकडे येतो. अब्बा ब्लॉक बनवायचे. पेपरात, हँडबिलात फोटो छापायचा तर आधी जस्ताच्या पत्र्यावर त्याचा ब्लॉक लागायचा. वर्कशॉप दोघांच्या भागीत. कॅमेरा तात्यांकडे, निगेटिव्ह अब्बांकडे. तात्या जाळीतून फोटो घेत, पेपरच्या कामाला इंचाला ६५ रेघांची जाळी. म्हणजे ठिपके तेव्हाही होतेच. मग अब्बा खालून दिवा लावलेल्या दुधी काचेवर निगेटिव्ह ठेवत, बशीत ओपेक नावाचा तांबडट, चिखलासारखा रंग कालवत आणि झिरो नंबरच्या ब्रशनं माणसाभोवतीचं सगळं झाकून टाकत. झाकलेल्या जागेतून उजेड जात नसे, तिथला पत्रा ॲसिड खाऊन टाकी, आणि कागदावर माणूस एकटा उमटे. त्याला कट-आउट ब्लॉक म्हणत. निवडणुकीचे उमेदवार, कीर्तनकार, तमाशातल्या बाया, आणि सर्वांत जास्त म्हणजे निधनवार्ता.

गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो बहुधा नसायचाच. लग्नातला ग्रुप, यात्रेतला ग्रुप. कुणाचा तरी हात खांद्यावर असायचा. गिऱ्हाईक सहज म्हणायचं, "एवढा हात काढा." अब्बांना ते काम आवडत नसे, आणि त्यात भावनेपेक्षा कारागिरीचा भाग जास्त होता. माणसामागची भिंत झाकली की संपलं, पण बोटं माणसाच्या पुढं असतात. ती नुसती झाकली तर खांद्यावर बोटांच्याच आकाराची पांढरी भोकं पडतात. म्हणून आधी मूळ फोटोवरच सदऱ्याच्या रंगाचा करडा रंग लावून, फोटोत नसलेला खांदा काढावा लागे. अब्बा म्हणायचे, मागचं काढणं सोपं, पुढचं काढलं की खोटं लिहावं लागतं.

भाचीनं मग यंत्राचा नाद सोडला. चित्र दहापट मोठं करून दोन संध्याकाळी बसली, टोपीची कड हातानं काढली, दाढीचे केस एकेक करून परत आणले. अर्धवट आकड्यांनी. कडेला चुन्याची पांढरी रेघ राहत होती. केसांत भिंतीचा रंग मिसळलेला असतो, तोही काढावा लागतो. मग मला चित्र पाठवलं. मागे काहीच नाही, आणि अब्बा उभे. फोनवर आमच्या घरच्या दखनीत विचारते, "मामू, ये उंगल्यां किसके है?"

डाव्या खांद्यावर चार बोटं. मनगटापाशी कापलेली.

इतकी वर्षं तो फोटो आमच्या घरात होता आणि मला ती बोटं कधी दिसली नव्हती. फोटोच्या कडेला तात्या होते; तो भाग कुणीतरी केव्हाच कापून ठेवला असावा. ऑफसेट आलं, ब्लॉकचा धंदा बसला, कॅमेरा विकला, आणि त्या पैशांवरून दोघांचं बिनसलं. तात्यांच्या घरी दिवाळीला आम्ही फराळाला जायचो ते बंद झालं, ईदला त्यांच्याकडे डबा जायचा तोही. अब्बांच्या मातीला तात्या आले नाहीत. चूक कुणाची होती ते मला विचारू नका. मी मुलगा आहे, माझी साक्ष धरू नये.

"काढू का?" ती म्हणाली. "आता सोपं आहे, खांदा कॉम्प्युटर आपणच भरून देतो."

मी म्हटलं, एक दिवस थांब. आणि तात्यांच्या मुलाचा नंबर शोधला. वीसेक वर्षांत बोललो नव्हतो. तात्याही आता नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मी अडखळत सगळं सांगितलं, पूर, होडी, गच्ची, चार बोटं. म्हटलं, तात्यांचा उभा फोटो असेल तर हवाय, अब्बांच्या शेजारी घालायला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भिंतीवरचा आहे. पण काच आहे त्याला. मोबाइलनं काढला की ट्यूबचा उजेड पडतो."

म्हटलं, खिळ्यावरून उतरव, मागच्या चुका काढ, काच बाजूला कर आणि दारात उजेडाला धर.

"थांबा," तो म्हणाला, "स्टूल आणतो."