कायद्याचा हक्क आणि माणसाचा हक्क
(नाशिक येथील उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘नैतिक हक्क’ हा आहे. शब्द पुस्तकी वाटतो. परंतु याच नाशिकच्या पंचवटीत आपल्या वाडवडिलांनी त्याचा अर्थ अंगावर दगड झेलून शोधलेला आहे.

कायद्याचा हक्क ओळखणे सोपे असते. तो कोणी दिला, केव्हा दिला, कोणत्या शब्दांत दिला, हे दाखविता येते. आपल्या त्रिरश्मी लेण्यांत असा हक्क दगडावर कोरलेला आहे. गौतमीपुत्र सातकर्णी राजाने आपल्या राज्याच्या १८व्या वर्षी तेथील भिक्षूंना २०० निवर्तने शेत दिले. राजाच्या अधिकाऱ्यांनी त्यात शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, अशा सवलतीही जोडून दिल्या. पुढे २४व्या वर्षाचा लेख सांगतो, की पूर्वी दिलेले शेत पिकत नाही, गाव ओसाड आहे, म्हणून दुसरीकडची १०० निवर्तने देण्यात येत आहेत. राजा दानशूर होता यात संशय नाही. परंतु या हक्काचे मूळ देणाऱ्याच्या मर्जीत होते. मर्जी फिरली असती, तर भिक्षूंनी दाद कोणाकडे मागितली असती?

आता २ मार्च १९३० चा दिवस आठवा. परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक काळाराम मंदिरापाशी आली आणि दारे बंद झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिलला, रामनवमीच्या रथाच्या वेळी, दगडफेक झाली. या मंडळींच्या हातात कोणते कलम होते? कोणतेही नाही. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला. १९३० साली रूढी पुजाऱ्यांच्या बाजूस होती, आणि कायदा रूढीला मान देत होता. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथॅम याचे म्हणणे असे, की हक्क हे कायद्याचे अपत्य आहे. कायद्यापूर्वीच्या निसर्गसिद्ध हक्कांची भाषा ही निरर्थक बडबड होय. बेंथॅम सुधारणेचा वैरी नव्हता, मोघम शब्दांचा वैरी होता, हे त्याच्याविषयी न्यायाने म्हटले पाहिजे. तथापि त्याचे मत स्वीकारले, तर दरवाजावर बसलेल्या त्या २५ स्त्रियांपाशी मागण्यासारखे काहीच नव्हते, असे म्हणावे लागेल. असे म्हणावयास कोणाची जीभ रेटेल?

महाडचा खटला या बाबतीत अधिक बोधप्रद आहे. चवदार तळे नगरपालिकेने १९२४ सालीच सर्वांस खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी आपल्या लोकांनी पाणी घेतले म्हणून त्यांना मारहाण झाली, आणि डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला. दहा वर्षे तो चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. पण कशाच्या आधारे? अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्याच आधारे. ती रूढी अन्याय्य आहे की नाही, या प्रश्नात शिरण्याचे न्यायालयास कारण पडले नाही. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आपण जिंकलो ते प्रतिपक्षाचा पुरावा तोकडा पडला म्हणून. तहानलेल्या माणसाचा पाण्यावर हक्क आहे, हे वाक्य त्या निकालात नाही. ते महाडच्या तळ्याकाठी अगोदरच उच्चारले गेले होते.

मग कायद्यापूर्वीचा हा हक्क येतो कोठून? इंग्लंडात लॉकने त्याचे मूळ ईश्वरात शोधले. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी सांगितले, की निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांस सारखेच हक्क दिले. जोतीराव बाबासाहेबांचे गुरू. त्यांचे ऋण आपणावर आहेच. परंतु आपण बौद्ध आहोत. निर्मात्याच्या सहीचा दाखला आपल्याला चालणार नाही. धम्मात देवाची जागा नीतीने घेतली आहे, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात प्रतिपादिले. दुःख सर्वांस सारखे होते, आणि त्यातून सुटण्याचा मार्ग समजण्याची पात्रता सर्वांत आहे. एवढ्यावर समतेचा पाया घालता येतो. हक्काची पावती आकाशातून यावी लागत नाही.

येथे एक आक्षेप येतो. पुण्यास १८ जानेवारी १९४३ रोजी रानडे यांच्यावरील व्याख्यानात बाबासाहेबांनी सांगितले, की हक्कांचे रक्षण कायद्याने नव्हे, समाजाच्या सामाजिक व नैतिक विवेकबुद्धीने होते. मग १९३० साली नाशिकच्या समाजाची विवेकबुद्धीच विरुद्ध होती, तेव्हा हक्क नव्हता काय? माझे उत्तर असे, की विवेकबुद्धी हक्काची राखणदार आहे, जन्मदात्री नव्हे. राखणदार झोपला म्हणून घरातील वस्तू नाहीशी होत नाही. चोरीस मात्र जाऊ शकते.

काही नवदीक्षित कुटुंबे विचारतात, की आपण देव सोडले, २२ प्रतिज्ञा घेतल्या, मग काळारामच्या सत्याग्रहाचे स्मरण कशाला? याचे उत्तर बाबासाहेबांनी ३ मार्च १९३४ रोजी भाऊराव गायकवाडांस लिहिलेल्या पत्रात आहे. लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून तो लढा सुरू केला नव्हता. आपल्या स्थितीची जाणीव त्यांस व्हावी, त्यांच्यात चैतन्य यावे, म्हणून केला होता. मंदिरात जावयाचे नाही हे मी ठरवावे. मला येऊ द्यावयाचे नाही हे दुसऱ्याने ठरवू नये. पुढल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यात येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, ती या दुसऱ्या हक्काच्या बळावर.

त्या हक्काची किंमतही आपण मोजली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्माशी बांधला होता. म्हणून १९५६ साली दीक्षा घेणाऱ्यांनी केंद्राच्या सवलती गमावल्या. त्यांना त्या परत मिळाल्या १९९० च्या दुरुस्तीने. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या २५व्या कलमात लिहिलेले असताना चौतीस वर्षे ही स्थिती राहिली. या काळात किती तरुणांनी अर्जावर जुना धर्म लिहिला असेल! त्यांना मी दोष देत नाही. पोटापुढे तो लिहिला गेला.

परंतु आज ते कारण उरलेले नाही. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यास त्याच्या मूळ जातीच्या आधारे दाखला मिळतो, आणि धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिल्याने तो रद्द होत नाही. येत्या जूनमध्ये ज्यांची मुले प्रथम शाळेत जाणार आहेत, त्यांनी अर्ज भरताना वडीलधाऱ्यांच्या भीतीपोटी तो रकाना जुन्या धर्माने भरू नये. मूळ जातीचे पुरावे, आजोबा-पणजोबांच्या शाळेचे वा महसुली दप्तराचे उतारे, आत्ताच जमवून ठेवावेत. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी सभा संपल्यावर आपले तरुण येथेच बसणार आहेत.

जय भीम.