शिंप्याचा मुलगा आणि डोळ्यातला पडदा

(जुना जालना येथील साक्षरता वर्गात केलेले भाषण)



माझ्या शाळेत एक मुलगा होता. दिवसा चेंडू झेलायचा; पण दिवेलागण झाली, की भिंत चाचपत चालायचा. पोरे हसायची. मलाही वाटले, सोंग करतोय. ते माझे चुकले. त्याला रातांधळेपणा होता. डॉक्टरांनी औषध दिले, आईला पालेभाजी करून घालायला सांगितले. पुढे तो रात्री कुंडलिकेचा पूल ओलांडून एकटा यायला लागला.

भाजीचा आणि डोळ्याचा काय संबंध? तो ज्यांनी उलगडला, त्यांचे नाव जॉर्ज वाल्ड.

त्यांचा जन्म १९०६ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात झाला. आईबाप परमुलखातून आलेले. वडील शिंपीकाम करीत. मुलगा शिकत गेला. १९३२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्याला डॉक्टर ही पदवी दिली. ही डॉक्टरकी औषध देण्याची नव्हे, संशोधनाची. मग शिष्यवृत्ती मिळाली आणि वाल्ड जर्मनीत बर्लिनला गेले.

आपल्या डोळ्यात मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. वाल्ड यांनी जनावरांच्या डोळ्यांतले असे पडदे तपासले. त्यांत त्यांना अ जीवनसत्त्व सापडले. हे जीवनसत्त्व खाण्यात कमी पडले की रातांधळेपणा येतो, हे डॉक्टरांना आधीच ठाऊक होते. का येतो, ते ठाऊक नव्हते.

१९३३ साली जर्मनीत हिटलरचे राज्य आले. वाल्ड यहुदी होते. ते मायदेशी परतले. १९३४ पासून १९७७ पर्यंत हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी शिकवले आणि हाच एक पडदा तपासला.

त्यांना काय कळले? भर उन्हातून माजघरात या. आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू हंडा दिसतो, फळी दिसते. पडद्यात एक रंगीत द्रव्य असते. उजेडाने ते विटते, अंधारात पुन्हा भरून येते. ते भरायला अ जीवनसत्त्व लागते. तेच नसले, तर पोराने काय करावे?

१९६७ साली वाल्ड यांना आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेत रूथ हबर्ड या बाईंनी मोठे काम केले होते. पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या. बक्षिसात त्यांचे नाव नव्हते. मला हे खटकते.

अ जीवनसत्त्व महाग नाही. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, गाजर, पिकलेली पपई, दूध, अंडे, सगळ्यांत ते मिळते. भाजीला थोडे तेल घाला, म्हणजे अंगी लागते. सरकारी दवाखान्यात लहान मुलांना याचे डोस फुकट देतात. पहिला नवव्या महिन्यात, मग पाच वर्षांपर्यंत ठरलेल्या वेळी. मनाने जास्त पाजू नका, अपाय होतो. आणि रातांधळेपणाची दुसरी कारणेही असतात. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा.

आज घरी गेल्यावर पोराचे लसीचे कार्ड काढा. डोसाची तारीख लिहिली आहे का, बघा. आता तुम्हाला वाचता येते.