डोकं दुखतंय, झोप नाही

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या किंवा पेठच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 'मला नैराश्य आलंय' असं सांगत सहसा कुणी येत नाही. डोकं दुखतं, झोप नाही, अंगात जीव नाही, हीच तक्रार. गोळ्या मिळतात आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस पुन्हा त्याच बाकावर!

राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. नाशिक त्यात नाही. त्या रुग्णालयांपर्यंत जायचं तर मजुरी बुडते. गावात बोभाटा होतो, तो वेगळाच. म्हणून उपचारच जवळ आणायचे, या विचारातून देशात 1996 साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

आता आशाताई तिशीपुढच्या माणसांसाठी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात बीपी-साखरेच्या चौकशीबरोबर मनाचेही दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झालाय का? उदास, हताश वाटतं का? प्रश्न साधे आहेत, पण सासूसमोर सुनेला विचारले तर खरं उत्तर कसं मिळणार?

उपचार जवळ आणण्याचा असा एक प्रयोग शेजारच्या गोव्यात नीट तपासला गेला. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना शिकवून दवाखान्यांत बसवलं. 2010 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांतले रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले.

श्रोतेहो, झोप उडाली असेल तर डॉक्टरांना मनातलंही सांगा. आणि 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लिहून ठेवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.